अट क्रमांक सात आणि हळदीचं जेवण

६ जानेवारी, मंगळवार

आज नव्या समितीची पहिली बैठक. विषय : आपल्या विद्यापीठाच्या उपकेंद्राने परिसरातली गरिबी कशी कमी करावी. अध्यक्ष अर्थशास्त्राचे डॉ. मराठे (यापुढे डॉ. म.). नऊ प्राध्यापक, आणि इतिवृत्त लिहायला मी, खरेदी विभागाची व. लिपिक. दोन तास एकच वाद, सर्वेक्षण आधी की कार्यशाळा आधी. मधे ठाण्याच्या केटररचे सामोसे आले, नेहमीसारखे गार. राहवलं नाही. म्हटलं, "सर, आपण सामोसासुद्धा ठाण्याहून आणतो. मग इथल्या माणसाच्या हाती काय पडणार?"

मग डॉ. म. खूश होऊन म्हणाले की आपण काय काय कुठून घेतो त्याची यादी तुम्हीच करा. हात दाखवून अवलक्षण.

९ जाने., शुक्र.

यादी झाली. वाचून माझी मलाच लाज वाटली. पडद्यांचं कापड मुंबईच्या दुकानातून! चारी बाजूंना कापडाच्या लूमचा खडखडाट, आणि आम्ही पडदे मुंबईहून आणतो. घरी ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. त्या बिलावर सही माझी आहे हे सांगितलं नाही.

यादी टाइप करत होते तेव्हा हिराबाई खोली झाडत होत्या. खारबावच्या. सफाईचं काम एजन्सीमार्फत करतात. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. जमिनीचे पैसे दिरांनी कधीच संपवले. झाडू टेकवून म्हणाल्या, "इथं नवं कँटीन निघतंय ना? जेवान आमी रांधू की. गावच्या हलदीला हजार मानूस आमीच जेवू घालतो."

खरंच आहे. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला सारं गाव जेवतं, आणि रांधायला गावच्याच बायका जातात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या.

१३ जाने., मंगळ.

कँटीन गावच्या बायकांना द्यायला डॉ. म. तयार, चालवायला हिराबाई आणि त्यांच्या सहा मैत्रिणी तयार. अडली ती निविदेतली अट क्र. ७. "तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव, लेटरहेडवरील दाखल्यासह." हळदीला रांधणाऱ्या बाईला दाखला कोण देतो?

ही अट आली कुठून म्हणून जुन्या फायली काढल्या. मीच घातली होती. झुरळांच्या औषधाच्या निविदेतून जशीच्या तशी उचलून! बारा वर्षं ती सगळीकडे मिरवतेय.

हिराबाईंना सांगितलं तर त्या खुर्चीवर बसल्या. एरवी कधी बसत नाहीत. मार्चला एजन्सी बदलते आहे, नव्या एजन्सीला पंचेचाळिशीच्या आतल्या बायका हव्यात. ह्या एक्कावन्नच्या. मैत्रिणी मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला जायच्या, तिथली ड्युटी दिवाळीलाच बंद झाली. "मार्चनंतर हाताला काम न्हाय, म्याडम," एवढंच म्हणाल्या.

१९ जाने., सोम.

आज हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. हिराबाई पिशवी घेऊन आल्या आणि टेबलावर लग्नपत्रिकांचा ढीग ओतला. एकेचाळीस पत्रिका. प्रत्येकीच्या पाठीवर यजमानाची सही, आणि एकच मजकूर : "आमच्या हळदीचे जेवण हिराबाई व मंडळींनी केले. कमी पडले नाही." एकाने पुढे लिहिलंय, "बिरडं फार छान."

लेखाधिकारी पाटकर म्हणाले, हे लेटरहेड नव्हे. मी म्हटलं, "साहेब, वर गणपती, खाली नाव-गाव, फोन नंबर. लेटरहेडवर आणखी काय असतं?" डॉ. म. तर एकेक पत्रिका उलटून वाचतच बसले. पाटकरांनी शेवटी मान्य केलं, पण आधी एक दिवस चाचणी.

पत्रिका पंच करून फाइलला लावल्या. गणपतीच्या सोंडेला भोक पडू नये म्हणून जपून.

२८ जाने., बुध.

चाचणी. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, भात, आमसुलाचं सार. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. आणि घोळ असा की विचारू नका. बायकांनी काउंटर लावलाच नाही. व्हरांड्यात सतरंज्या घालून पोरांची पंगत बसवली! रांग भरल्याशिवाय वाढणार नाहीत. वाढल्यावर आग्रह. शेवटचा जेवेपर्यंत कुणाला उठू देणार नाहीत. दुसरी पंगत ताटकळली, दीडचे सगळे तास रिकामे. आणि जेवणाआधी घ्यायची कूपनं तशीच पडलेली. विचारलं तर हिराबाई माझ्यावरच नाराज. "पोरगं भुकेलं येतं, त्याच्याकडं आधी पैसं मागू? आमाला न्हाय जमायचं."

पाटकरांचा शेरा : "रुचकर, परंतु अव्यवहार्य." स्वतः तीन भाकऱ्या खाऊन.

३० जाने., शुक्र.

दोन दिवस डोक्यात तेच. कूपन समजावून थकले. आज दुपारी सहज विचारलं, हिराबाई, हळदीला आहेर कधी देतात? "दारातच. आमची आक्का वही घेऊन बसते ना." म्हटलं, मग इथेही आक्कांना दारात बसवू या. पोरं आत येताना आहेर देतील, कूपनाचा.

हिराबाई अशा हसल्या की झाडू खाली पडला. म्हणाल्या, "आहेर न्हाय म्हनायचं न्हाय. ते जमंल."

१० फेब्रु., मंगळ.

दुसरी चाचणी. दारात आक्का, नऊवारी, चष्मा, वही. प्रत्येक पोराकडून कूपन घ्यायच्या, नाव विचारून लिहायच्या आणि "बस जा" म्हणायच्या. पंगत नाही, पण आग्रह आहेच. तास वेळेवर भरले. अकरावीसुद्धा न शिकलेल्या बायकांनी सिनियर कॉलेज वेळेवर चालवलं असं डॉ. म. म्हणाले. आतून एकीने हळदीचं गाणं धरलं तर ग्रंथालयातली मुलं खाली आली. मीही जेवायला लागले, उभ्यानेच. हिराबाईंनी खांदा दाबून बसवलं.

फार फार बरं वाटलं आज. एकवीस वर्षांच्या नोकरीत खरेदी विभागात असं पहिल्यांदाच.

आक्कांच्या वहीत पाटकरांचं नाव दोनदा आहे.

१३ फेब्रु., शुक्र.

फाइल कुलगुरूंकडे गेली. एकेचाळीस पत्रिकांमुळे इतकी जाड की शिपायाने विचारलं, कुणाचं लग्न आहे. ठाण्याच्या केटररनेही निविदा भरली आहे, लेटरहेड चकचकीत. निकाल कधी, माहीत नाही. मार्चच्या आत लागला पाहिजे.

संध्याकाळी हिराबाईंनी विचारलं, "कँटीन आमाला भेटलं, तर पुढं दुसऱ्या कॉलेजात दाखवाला तुमी दाखला द्याल का? खरा, लेटरहेडवाला?"

त्या गेल्यावर टाइप करून ठेवला. "श्रीमती हिराबाई व मंडळी यांनी या उपकेंद्रात जेवण केले. कमी पडले नाही." सहीची आणि तारखेची जागा मोकळी सोडली आहे. लेटरहेड मात्र कोरं करकरीत, आजच फोडलेल्या गठ्ठ्यातलं वापरलं.