सुपारी फुटली त्या दुपारी

जेलरोड, नाशिकरोड
मंगळवार, ता. ९ फेब्रुवारी १९८२

चि. सौ. कुसा,

आशीर्वाद तुला आहेतच. थोरल्या बहिणीने ते मागे घ्यायचे नसतात, म्हणून आधी तेवढे लिहून टाकते.

तू धाडलेला नवा तांदूळ पोचला. भात मऊ होतो, दोन घास जास्त जातात. इकडे थंडी अजून सरलेली नाही. तुझ्या दाजींचा खोकला बरा आहे. मंगल अभ्यासाला लागली आहे, बारावीची परीक्षा महिन्यावर आली. शेजारच्या बयाबाई तुझी आठवण काढतात. मेले, आठवण तर मीही काढते, उठता-बसता.

माझं विचारशील तर मी आता चालते. तू इथे होतीस तेव्हा मला मोरीपर्यंत न्यायला दोघं लागायची, तू एका बगलेत नि मंगल दुसऱ्या. आता भिंत धरून माझी मी जाते. काल तर बयाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. चमत्कार वगैरे काही नाही गं. तुझ्या त्या शक्तीच्या गोळ्या बंद केल्या, एवढंच.

हे वाचून तुझ्या हातातलं काम थांबलं असेल. थांबू दे.

रविवारी तुझे थोरले दीर जयरामभाऊ येऊन गेले, ते त्यांच्या तोंडून तुला कळलंच आहे. काल तुझ्या रंगनाथरावांनी दाजींना कामावर फोन केला. "अक्का दुखण्यात बरळल्या, मनावर घेऊ नका, सुपारी कायम समजा." बरळल्या! कुसे, दिवाळीपासून मी इतकी शुद्धीवर नव्हते. काय बोलले नि का बोलले ते माझ्या हाताने लिहिते, म्हणजे मधे कुणाला मीठमसाला लावायला नको.

तू घोटीला परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बयाबाई आल्या. म्हणाल्या, "लंकाबाई, पेढे छान होते हो. जावई दिसायला कसाय?" मला वाटलं, म्हातारी घर चुकली. म्हटलं, "कुणाचा जावई?" त्यांचं तोंड एवढंसं झालं. "अहो, तुमच्या मंगलची सुपारी फुटली ना परवा? तुम्हाला बरं नव्हतं म्हणून तुम्ही आत निजल्या होत्या म्हणे."

आत निजले होते! पोटच्या पोरीचं लग्न बाहेरच्या खोलीत ठरलं, पेढे वाटले, आणि मधे एक पडदा ठेवून मी घोरत पडले होते. त्या दुपारी जेवणावर तू गोळी दिलीस. "शक्तीची आहे अक्का, घे." दिवेलागणीला उठले तर जीभ जड, पाय लाकडाचे. तू माझे पाय चेपत बसली होतीस. मी म्हटलं, "कुसा, माझ्यामागे किती राबतेस गं." तू मान खाली घातलीस. मला वाटलं, कौतुकाने लाजली बाई.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा विचारलं, शक्तीची गोळी वाढवली तर पाय लवकर भरतील का. ते बघतच राहिले. "शक्तीची कसली? ती झोपेची. रात्री दुखणं सोसवेना तर एक घ्यायची. दिवसा कोण देतं तुम्हाला?" वर म्हणाले, दिवसभर निजून राहिलात तर आहेत ते पायही जातील, थोडं थोडं चालत जा. म्हणजे बघ, ताकद चालली म्हणून मी देवाला बोल लावत होते, आणि ती अर्धी तरी तू पेल्यातल्या पाण्याबरोबर घालवत होतीस.

गोळी सोडल्यापासून दुखतं. खोटं कशाला सांगू, कपडा पिळावा तसं पोट पिळून निघतं. झोप अशी नाहीच. पण सकाळी माझं डोकं माझं असतं.

मंगलला जवळ बसवून विचारलं. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "मावशी म्हणाली की आईचीच इच्छा आहे. तिच्यासमोर विषय काढू नको, तू जाणार म्हणून तिला रडू येतं आणि दुखणं वाढतं." पोर माझ्यासाठी हो म्हणाली, आणि मला पत्ताच नाही! तिला कॉलेजात जायचंय, पुढे शिक्षिका व्हायचंय, हे तिने आधी मला नाही, तुला सांगितलं होतं. घोटीला सुट्टीत आली होती तेव्हा. तुला, कुसा.

तरी मला वाटलं, स्थळ हातचं जाईल म्हणून ही घाई. जयरामभाऊंची भाताची गिरणी, एकुलता एक मुलगा गोरक्ष, तुझ्याच घरात. घाई खरी कशाची होती, ते रविवारपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी जयरामभाऊ देण्याघेण्याची यादी करायला आले. तू काही आली नाहीस. जेवण झाल्यावर दाजींनी गोळी पुढे केली. कुणी शिकवलं ते विचारत नाही. गोळी गालात धरली, त्यांची पाठ वळल्यावर थुंकली आणि डोळे मिटून पडले. बाहेर साड्या झाल्या, भांडी झाली, महिनाअखेरची तारीख झाली. दाजी हळूच म्हणाले, "परीक्षेचं काय?" तर जयरामभाऊ हसले. "तांदूळ निवडायला बारावी लागती व्हय?"

तेव्हा उठले. खाट, भिंत, चौकट असं धरत धरत बाहेर आले. जयरामभाऊंनी मला पाहिलं मात्र, हातातला चहा बशीत सांडला.

म्हटलं, "नमस्कार भाऊ. मुलीची आई मी. माझ्या झोपेत फुटलेली सुपारी मला मान्य नाही. पोर परीक्षा देईल, शिकेल. मग बघू."

"विहीणबाई, तुम्ही आराम करा. आम्ही बघतो ना."

"आराम लय झाला. आणि विहीण अजून झाले नाही."

चिडले. मनाने भला माणूस असेल, पण चिडला की तोंडाला कुलूप नाही. "अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे समदं! आपल्यात वर्ष पाळतात. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर वर्षभर दारात मांडव पडत नाय. डॉक्टर उन्हाळ्याच्या पुढचं काही सांगंनात, मग आम्ही करायचं काय?"

दाजींनी त्यांचा दंड धरला. पण बोलून झालं होतं.

असं कळलं मला. दिवाळीला मला सांगितलं होतं ते, गर्भाच्या पिशवीला सूज आहे, ऑपरेशनने गाठ काढली, दोन महिन्यांत कामाला लागाल, सगळं थोतांड. बाकीचं रात्री मंगलकडून तुकड्यातुकड्याने काढून घेतलं. पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं होतं. कॅन्सर. दाजींना ठाऊक, तुला ठाऊक, मंगलला दिवाळीपासून ठाऊक. घोटीत तुझ्या सासरी ठाऊक. माझं मरण घोटीपर्यंत पोचलं, लग्नाची तारीख त्याच्यावर ठरली, आणि जिचं मरण तिला तुम्ही गोळी देऊन झोपवलंत!

तरी मी बसले नाही. म्हटलं, "वर्ष पाळतात ना? मग पाळा की. त्या वर्षाला भिऊन तुम्ही माझी पोर ओढून न्यायला निघालात. आता ते वर्ष तिचं. मी गेले की या दारात वर्षभर मांडव नाही, आणि तेवढ्यात ती कॉलेजात गेलेली असेल." मंगल धावत येऊन मला बिलगली. तिच्यासकट मी पडायचीच, पण पडले नाही. याला तुझ्या घरी बरळणं म्हणतात.

दाजी ओट्यावर जाऊन रडले. त्यांना माफ केलं असं नाही, पण माणूस घाबरला होता, दिसत होतं. तुझं तसं नाही. तू कधीच भित्री नव्हतीस. तू काय योजलंस तेही मला कळतं. आईविना पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील, मी आईसारखी बघेन. बघशीलही तू. म्हणून तर जास्त लागलं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. आपली आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस. तुझ्यापायी माझी शाळा सुटली, हे मी आजवर बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. केसाने गळा कापलास गं माझा.

आता ये. तांदूळ नको आणू, गोळ्या नको आणू. माझ्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, अक्का, तू वाचणार नाहीस. अजून एकानेही मला ते आपणहून धड सांगितलेलं नाही, जयरामभाऊंच्या तोंडून घसरलं तेवढंच. मग आपण दोघी रडू. मला कुणाजवळ तरी रडायचंय, आणि इतकं होऊनही तुझ्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही, याचाच मला राग येतो.

आणि एक. मी गेल्यावर तुझे दीर म्हणतील, काही लोक वर्षाच्या आतच उरकतात, आईच्या जिवाला शांती मिळते. सोयीने म्हणतात लोक तसं. तेव्हा तू दारात उभी राहा. त्यांना सांग, माझ्या बहिणीचं वर्ष आहे, एक दिवस कमी होणार नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
अक्का