पान उलटायला जागा

१२ फेब्रुवारी
हेलनबाईंची नवी रचना आली. चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आणि ऑर्केस्ट्रा. हाताने लिहून स्कॅन केलेली, तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा गोल. वर टीप: "हात थरथरतो हल्ली, सांभाळून घे." थरथरतो कसला! सूर चांगले ठणठणीत आहेत.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये फिक्स्चरची ड्रॉइंग काढत होते, तेव्हा कोणी म्हटलं असतं की एक दिवस पुनावळ्यात बसून इंग्लंडातल्या एका संगीतकार बाईंचं नोटेशन कॉम्प्युटरवर मांडशील, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. चिंचवडच्या कीबोर्ड क्लासची फी आईने उगाच नाही भरली.

अण्णा (सासरे) स्क्रीनकडे बघून: "आज लई मुंग्या हायेत." नोट्सना मुंग्या म्हणणं रोजचंच.

१५ फेब्रुवारी
दिवसभर मांडणी. बाईंचं जुनं सगळं काम कॉम्प्युटरवर नव्याने मांडायला माझ्याच हातून गेलंय, त्यामुळे ओळखीच्या खोडी दिसतात. खाणकामगारांच्या ब्रास बँडसाठी लिहिलेली पहिली रचना, त्यात त्यांचे वडील वाजवायचे. मग शाळेतल्या पोरांचा ऑपेरा, ज्यात बदकं गातात. मग मधली बरीच वर्षं कोणी काही छापेना, तरी बाई लिहितायत. गावच्या चर्चमधल्या चारसहा बायकांसाठी का होईना, लिहितायत. आता सत्तरी ओलांडल्यावर सगळ्यांना एकदम बाई हव्यात. त्या मधल्या वर्षांचा मला राग येतो. त्यांना येत नाही.

पहिलं काम आठवलं. सगळ्या नोट्स एकसारख्या अंतरावर ठेवल्या होत्या, ड्रॉइंगमध्ये भोकं मांडतात तशा. बाईंचं उत्तर: "सुंदर. पण ह्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या आहेत. जरा चालू दे त्यांना." तेव्हापासून आमचं जमलं.

२० फेब्रुवारी
घोटाळा. चेलोवाल्याची स्वतंत्र प्रत काढायला घेतली. समोरची दोन पानं वाजवून झाली की पान उलटायचं, आणि उलटायला एक हात मोकळा हवा. म्हणून पानाच्या शेवटी वाजवणाऱ्याला थोडी विश्रांती मिळेल असं मांडायचं. आमच्या धंद्यातली खरी मेख ती. आणि इथे चेलो मधल्या भागात थांबतच नाही. सलग तीन पानं नुसता वाजतोय. माणसाने उलटायचं कधी? दाताने?

बाईंना कळवलं. चेलो वाजवणारे एक हट्टी आजोबा आहेत. कागदच लागतो, टॅब्लेट नको, शेजारी पान उलटायला बसवलेला माणूसही नको.

२२ फेब्रुवारी
उत्तर: "मी वेंधळी. एक बार रिकामा टाकू. कुठे, ते तू शोध. ह्या रचनेशी तुझी ओळख माझ्याइतकीच आहे."

पुन्हा पुन्हा वाचलं. एक अख्खा बार, म्हणजे चार ठोक्यांची शांतता. ती मी ठरवायची. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नोट्स मांडल्या, आपली एकही नाही. आता नोट नाही तर नोट नसलेली जागा तरी. मला हे हवंय. फार हवंय.

१ मार्च
प्रयोग. संतोषला (नवरा) सुट्टी होती, त्याला जेवणाच्या खुर्चीत बसवलं. गुडघ्यांत लोड म्हणजे चेलो, लाटणं म्हणजे बो, चेलोचा गज. समोर इस्त्रीच्या टेबलावर पानं. कॉम्प्युटर टिणटिण वाजवणार, त्याने लाटणं ओढायचं आणि सांगेन तिथे पान उलटायचं. पहिल्यांदा पंख्याने सगळी पानं सोफ्याखाली नेली. दुसऱ्यांदा ह्याने दोन पानं एकदम उलटली. अण्णा दारात उभे. "चाकनच्या कंपनीत ह्येच शिकवत्यात व्हय रं?" संतोष म्हणे, बोलू नका, ओव्हरटाइम चालू आहे.

हसून हसून पोट दुखलं, पण दोन जागा सापडल्या. एक, ड्रम आणि ट्रम्पेटचा गोंगाट चालू असताना. तिथे चेलो गप्प बसला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. दुसरी, चेलो चढत चढत अगदी वर पोचतो तिथे. पण तिथे तो थांबला तर सगळ्या ऑर्केस्ट्रालाच थांबवावं लागेल. नाहीतर गडी झोपला असं वाटेल.

संतोषला विचारलं. म्हणाला, "पहिलीकडे सोपं गेलं. दुसरीकडे मी उलटायचंच विसरलो. आता पुढं काय होतंय, तेच बघत बसलो."

२ मार्च
पहिली जागा पाठवली. सोपी, सुरक्षित. बाईंचं लगेच उत्तर, "छान, चालेल." संपलं.

४ मार्च
नाही संपलं. गवारीची भाजी लागली बुडाला, कारण डोक्यात ती दुसरी जागा. गोंगाटात लपवलेली शांतता कसली? पान उलटलेलं कुणाला कळणारही नाही. मी तिथे असून नसल्यासारखी.

दुपारी फाइल उघडली. गोंगाटातला बार काढला. दुसऱ्या जागी टाकला आणि तिथे सगळ्या ऑर्केस्ट्राला गप्प केलं. कोपऱ्यात सवयीने "रेव्ह. बी" लिहिलं, वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बदललं की लिहायचे तसं. पाठवून दिलं. कोणी सांगितला होता हा आगाऊपणा?

११ मार्च
उत्तर नाही. संतोष म्हणतो, गेलं काम तर गेलं, भोसरीत फिक्स्चर आहेतच. त्याला आज गरम पोळी मिळाली नाही.

गुढीपाडवा
आलं! श्रीखंडाच्या हातानेच मेल उघडला.

"तुझ्यामुळे सत्तर वादकांना एक बार काहीही न करण्याचा पगार मिळणार. इतके दिवस पियानोवर ती जागा वाजवून बघत होते. म्हणजे न वाजवून. राहू दे. कोपऱ्यातलं रेव्ह. बी पण राहू दे, मला आवडलं."

स्वयंपाकघरातच नाचले. अण्णांच्या पाया पडले, ते गोंधळले. "मघाशीच पडलीस की गं." म्हटलं, ते पाडव्याचं, हे दुसऱ्या खात्यातलं.

३१ मे, रविवार
त्यांची दुपार, आपली संध्याकाळ. कार्यक्रम लाइव्ह होता. आमरस-पुरी आधीच उरकून घेतली. कुकर लावायचा नाही, पंखा बंद, फोन बंद. अण्णा टोपी घालून टीव्हीसमोर बसले. हेलनबाई पहिल्या रांगेत, निळ्या कोटात, एवढ्याशा. चेलोवाले आजोबा आले, त्यांनी स्टँडवर पानं लावली. लांबूनही ओळखली मी माझी पानं.

मधला भाग सुरू झाला तसा संतोषने माझा हात धरला. चेलो चढत गेला, चढत गेला, वर पोचला, आणि सगळे थांबले. सत्तर माणसं आणि तो भरलेला हॉल, सगळं गप्प. त्या शांततेत एकच आवाज आला, कागदाचा. आजोबांनी पान उलटलं.

अण्णा हळूच म्हणाले, "पान उलटलं जनू."

मी रडत होते आणि हसत होते. पुढे काय वाजलं ते मला सांगता येणार नाही. टाळ्या थांबेनात. बाई उभ्या राहिल्या तर शेजारच्या माणसाच्या खांद्याला जेमतेम पोचत होत्या. संतोषने लाटणं आणून टीव्हीपुढे धरलं आणि झुकून सलाम केला.

झोपायला जाताना अण्णा: "मुंग्या बऱ्या गात्यात."

९ जून
बाईंचा मेल. रचना आता जर्मनीत वाजणार. तिथली चेलोवाली तरुण पोरगी आहे, टॅब्लेटवरून वाजवते, पान पायाखालच्या पेडलनेच बदलते. तिने विचारलंय, उलटायला पान नाही तर हा बार कशाला? काढला तर चालेल का? आणि छापील प्रत अजून निघायची आहे, म्हणजे आता ठरेल तेच कायमचं. बाईंनी खाली एकच ओळ लिहिलीय. "बार तुझा आहे, तूच सांग."

पोरीचं चुकत नाही. जागा पानासाठीच केली होती. बार काढून रेव्ह. सी करून पाहिली. सरळ जातं, छान जातं. मग रेव्ह. बी लावली. मग पुन्हा सी. जीव तुटतो माझा, पण माझा आहे म्हणून ठेवायचा का? आणि माझा आहे म्हणूनच काढायचा का?

अण्णा शेंगा सोलत होते, त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागुद न्हाई, तर थितं काय आयकू येनार?"

म्हटलं, काहीच नाही.

शेंग हातातच राहिली त्यांच्या. "मंग लाव बरं. आयकू."

दोन्ही फाइली उघड्या होत्या. सी बंद केली, त्यांना हवी ती बी लावली आणि शेजारी बसले.