आराम म्हंजे आराम

कॅम्प-१, भिलाई
दि. ७ जानेवारी १९६२

आदरणीय सिंधुताईस,
रंभाचा सप्रेम जयभीम.

तुमसरला थंडी कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून बिडीवरच औषध चालू आहे? तुझी कार्डं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही, म्हणून तू रुसली असशील. रुसणं तुझा जुनाच धंदा आहे. पण जे लिहायचं होतं ते कार्डावर लिहिण्याजोगं नव्हतं. तुमच्या पोस्टमनला कार्ड हातात देण्याआधी मोठ्यानं वाचायची खोड, आणि तुझ्या गल्लीनं माझी काळजी करावी असं मला वाटत नाही. म्हणून हे पाकीट.

अक्षर पाहून हसू नको. चौथीत तूच माझ्या बोटांवर पट्टी मारून मारून अक्षर वळवलं होतंस. आता पेन्सिल दोन बोटांच्या सांदीत अडकवून लिहिते. जमेल तेवढं आज, उरलेलं उद्या.

कांता चांगली आहे. खाली दोन दात आलेत. बाबांच्या सायकलची घंटी ओळखते. डोळे आपल्या आईचे, आणि नाक मात्र यांचं, म्हणजे शालिकरामबुवांचं. तू चिडवायला ठेवलेलं हे नाव मी यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ऐकू कुठं येणार. पोलादाच्या कारखान्यात रिव्हेट मारणाऱ्या गँगमध्ये राहून राहून यांचे कान पार बसलेत. घरी बोलतात तेही ओरडून, आणि मी काही म्हटलं की आधी मान हलवतात, मग अर्ध्या तासानं विचारतात, "तू काय म्हनून रायली होती?"

तू विचारलंस, हाताचं काय झालं. सांगते.

माझं बाळंतपण करून तू गेलीस आणि महिनाभरात माझी बोटं सकाळी मिटेनाशी झाली. आधी वाटलं, ओल्या अंगानं काम केलं म्हणून असेल. मग मनगटं सुजली, मग कोपर, मग गुडघे. उठून उभी राहायला भिंत लागायची. शेजारची ठकूबाई, तीच ती गोंदियाकडची, तिनं पाहिलं आणि वैदकी सुरू केली. "अवो बाई, पयले भात सोड. भातानं वात चढते." तांदळाच्या मुलखात जन्मलो, तांदळाच्या मुलखात राहतो, आणि भात बंद. चिंच बंद. अंबाडीची भाजी बंद. वांगं तर तिच्या मते सगळ्या रोगांचा बाप. ती जवळच्या कोहका गावाकडून निरगुडीचा पाला आणायची, तो वाफवून बांधायची. सकाळी उन्हात बसवायची, एरंडेल पाजायची. सगळं केलं, ताई. तोंड वाकडं करून का होईना, केलं. ऊन तेवढं गोड लागायचं.

सूज हटेना, तेव्हा यांनी मला सायकलवर बसवून प्लांटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बंगाली, माणूस चांगला. त्यानं बोटं दाबून पाहिली, रक्त घेतलं, पुन्हा यायला सांगितलं. पुन्हा गेलो त्या दिवशी कांता रडून रडून निळी होत होती, म्हणून मी तिला घेऊन व्हरांड्यात बसले आणि हे एकटे आत गेले.

बाहेर आले ते घाम पुसतच. म्हणाले, गठिया आहे, पण म्हाताऱ्यांचा नाही, तरण्या बायांना होतो तो. डॉक्टरनं सांगितलं म्हणे, अंगाची राखण करायची ते रक्तच आपल्या सांध्यांना परकं समजतं आणि त्यांच्यावर उठतं. मी म्हटलं, म्हणजे कुंपणच शेत खाऊन राहिलं. हे म्हणाले, हो, तसंच. जाणार नाही हा रोग, ताब्यात ठेवायचा. जेवणानंतर गोळ्या, गरम पाण्याचा शेक, दूध, अंडी. "आन् दोन महिने आराम. डाक्टरनं बजावून सांगतलं. हात हालवाचाच नाई."

खरं सांगू, रोगाचं नाव ऐकून मला रडू आलं नाही. आराम हा शब्द ऐकून आलं. आपल्या घराण्यात बाईला आराम कोणी सांगितला होता? आई तर ज्या दिवशी गेली त्या दिवशीही सकाळी धान पाखडून गेली.

इथवर काल लिहिलं. आज हात जरा बरा आहे.

दोन महिने यांनी मला राणीसारखं ठेवलं. पहाटे नळावर बायांच्या रांगेत हेच उभे. पोळ्या यांच्या, जाड, मधून कच्च्या. पोरीचे लंगोट यांनी धुतले, तेही उघड्यावर, सगळ्या कॅम्पासमोर. पुरुष हसले, बाया माझ्यावर जळल्या. माझे हात कापसात गुंडाळून उशीवर ठेवायचे आणि ड्यूटीला जाताना बजावायचे, "खबरदार जर हात हालवला." मी केस विंचरायला गेले तर फणी काढून घेतली. घास भरवला. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, "म्हनू दे लोकायले." लग्नानंतर आठ वर्षांत मी यांच्यावर एवढी कधी जीव लावून बसले नव्हते, तेवढी त्या दोन महिन्यांत बसले. हे मी फक्त तुलाच लिहिते आहे.

दुखणं खरंच कमी झालं. मग पुन्हा दाखवायला गेलो, आणि या वेळी कांताला ठकूबाईकडे ठेवलं. डॉक्टरनं माझा कोपर धरून सरळ करायला घेतला. तो होईना. मनगट वळेना. दुसरा हात पाहिला, तोच प्रकार. त्यानं हात खाली ठेवला आणि विचारलं, "हाथ क्यों नहीं चलाया? मैंने कहा था न, हाथ चलाती रहो, तो दो महीने में आराम होगा?"

ताई, मी यांच्याकडे पाहिलं. यांनी ते वाक्य या वेळी पूर्ण ऐकलं होतं.

पहिल्या वेळेला यांच्या कानात पोचलं होतं ते एवढंच: हात, दोन महिने, आराम. बाकीचं मनानं जोडून घेतलं. डॉक्टरचा आराम म्हणजे बरं वाटणं. तसा आपणही आराम पडला म्हणतोच की. पण यांच्या मनात तेव्हा एकच होतं, की रंभीला आता कष्ट नकोत. मग आरामाचा दुसरा अर्थ यांना सुचावा कसा.

मी डॉक्टरला म्हटलं, "मैंने ही आलस किया." त्यानं मला चांगलं सुनावलं, की तुम लोग सुनते नहीं हो. मी ऐकून घेतलं. सांधे आतून धरलेत, आता जेवढे आहेत तेवढे राहिले तरी पुष्कळ, असं तो म्हणाला.

परत येताना हे सायकलवर बसलेच नाहीत. मला कॅरिअरवर बसवून सायकल ढकलत चालत राहिले. कॅम्पाचा बाजार आला तेव्हा पहिल्यांदा बोलले, आणि एवढ्या हळू, की असा आवाज यांच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. "रंभा, मले वाटलं आराम म्हंजे आराम."

मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं असतं. खोटं बोलले. मी आत असते तर मी पुन्हा विचारलं असतं.

त्यानंतर हे घरात चोरासारखे वावरतात. पोळ्या करतात, पण भरवत नाहीत. एक दिवस ड्यूटीवरून आले आणि खिशातून काळा धागा काढला. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा याच माणसानं घरचे देव उचलून नदीत सोडले होते, आणि बावीस प्रतिज्ञा अजून तोंडपाठ म्हणतात. मी म्हटलं, बावीसपैकी आता किती उरल्या? हे म्हणाले, "मले नको शिकवू. हात दे." मी दिला. घण धरणाऱ्या माणसानं एकावर एक तीन गाठी मारल्या. धाग्यानं काही होणार नाही हे मला कळतं, त्यांनाही कळतं. तू आलीस की मनगटाकडे पाहून काही बोलू नको. कधी कधी वाटतं, देव होते तेव्हा निदान भांडायला तरी कोणी होतं. आता भांडायचं तर यांच्याशीच, आणि त्यांच्यात भांडण्याजोगं काही उरलेलं नाही.

आता जे टाळत होते ते लिहिते. कांता बरी आहे, हे आधी पुन्हा सांगते.

मागच्या महिन्यात ठकूबाईला ताप आला. पोरीची आंघोळ राहिली होती. मला वाटलं, माझं लेकरू, एक दिवस मी घालते. दगडावर बसले, पाय लांब केले, तिला पायांवर पालथी घेतली, जशी तू घ्यायचीस. गुडघे पुरते सरळ होत नव्हते, पण पोर हसत होती, म्हणून मीही हसले. तेल लावलं. पाणी घातलं. ती तेलकट अंगानं घसरली आणि मोरीत साचलेल्या पाण्यात तोंडावर पडली. वीतभर पाणी, ताई. मला बोटं तिच्याखाली घालता येईनात. मनगट वळेना. मी कोपरांनी तिला पोटाशी ओढत होते आणि ती हातांतून निसटत होती. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. माझा ओरडा ऐकून ठकूबाई तापाची उठून धावत आली, तिनं एका हातानं पोर उचलली. कांता पाणी ओकली आणि रडली. कपाळावर वण राहिला आहे, केसांखाली जाईल.

यांना मी सांगितलं, पाळण्यातून पडली.

तेव्हापासून मी तिला घेत नाही. घेता येत नाही असं म्हणायला हवं, पण खरं ते हे, की घेत नाही, भीती वाटते. आता ती ठकूबाईकडेच झेपावते. पण ठकूबाईला तिची स्वतःची चार आहेत, आणि यांची ड्यूटी तीन पाळ्यांची. डॉक्टरनं मूठ उघडमिट करायला सांगितली आहे, ते मी रोज करते. पाला बांधते, ऊन घेते, भात खात नाही. हे सगळं बोटांतला उरलेला जोर टिकवायला. कांताला उचलायला ते पुरणार नाही. मी ते मनाशी पुष्कळदा मोजून पाहिलं.

तुझी पोरं आता मोठी झाली, घर रिकामं आहे. तू ये आणि तिला घेऊन जा. मला बरं वाटेपर्यंत नेते, असं कोणासमोर म्हणू नको; मीही म्हणणार नाही. यांना मी अजून काही बोललेले नाही. तू सांग. समोर बसून, मोठ्यानं आणि पूर्ण सांग, अर्धवट ऐकायला लावू नको. ते नाही म्हणणार नाहीत. आजकाल ते कशालाच नाही म्हणत नाहीत.

तुमसर रोडहून सकाळची पॅसेंजर धर, दुर्गला उतर. हे घ्यायला येतील.

पोरीला भात आवडतो, मऊ, थोडं मीठ घालून. झोपताना कान धरून झोपते, तिचा स्वतःचा नाही, जवळच्या माणसाचा. तुझा धरेल. पुढं बोलायला लागली की तुला आई म्हणेल. तू शिकवू नको. पण म्हणाली तर थांबवूही नको.

भाऊजींना जयभीम. लवकर ये.

तुझी धाकटी बहीण, आणि तू येईपर्यंत कांताची आई,
रंभा