उसन्या गोळ्या

कवठे येमाई,
१८ मे २०२५

चि. रोहन यास प्राचीताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

फोनवर तू ठीक हाय म्हणतोस आन् लगेच आईकडं देतोस, म्हणून लिहितेय. कागदावर तरी खरं बोल. आई म्हणाली, महिना झाला, संध्याकाळच्या गोळ्या घेत न्हाईस. का रे? गेल्या वर्षी कुण्या मेलेल्या माणसाची किडनी आन् स्वादुपिंड तुला बसवलं, लहानपणापासूनची इन्सुलिनची सुई सुटली. पण शरीर ते परकं समजून कवाही नाकारील, एकही गोळी चुकवायची न्हाई, असं डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते. तवा तर नंदीबैलासारखी मान हलवत होतास.

इकडं सगळे बरे. तुझा भाचा तुझ्या वाटचा आमरस हाणतोय. रक्त तपासून कळव. रागावले तरी ताईच हाय तुझी.

प्राची

राहू,
२५ मे २०२५

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

गोळ्या कासुर्डीच्या बबनआप्पांना दिल्या. त्याच माणसाची दुसरी किडनी त्यांना बसवलीय, त्याच दिवशी. हॉस्पिटलकडून येणाऱ्या त्यांच्या गोळ्या आल्याच न्हाईत. आप्पांच्या मंडळी रंभाकाकू दारात उभ्या राहिल्या, पंधरा दिवसांत परत करते म्हणाल्या. वाटीभर साखर मागितली तर आपण न्हाई म्हणतो का? एकाच माणसाचं दोघांच्या पोटात हाय, सख्खेच झालो की. आता मागायची लाज वाटते. सकाळची गोळी घेतोच मी. काल जिलेबी खाल्ली, शुगर वाढली न्हाई. उगं काळजी करू नकोस. दाजींना जयभीम, भाच्याला पापा.

तुझा रोहन

राहू,
९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

डायलिसिसला दोनदा येऊन बसलीस, पण एक शब्द बोलली न्हाईस. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. किडनी गेली, मागोमाग स्वादुपिंडही गेलं. सुई परत चालू. त्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, सांभाळायला आत काही उरलंच न्हाई.

हॉस्पिटलच्या भिंतीवर वर्ष पूर्ण झालेल्यांचे फोटो लावलेत. त्यात मी हसतोय, खाली ‘यशस्वी’ लिहिलंय. काढा म्हणालो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, हिशोब एका वर्षाचाच असतो, तुमचं नंतर गेलं. चीड आली ताई, पण कुणाची तेच कळंना.

आप्पांची किडनी उत्तम चाललीय. माझं त्यांना कुणी सांगितलेलं न्हाई, मीच आईला सांगू दिलं न्हाई. काल रंभाकाकू आल्या. हॉस्पिटलच्या गोळ्या आल्या म्हणे. नेलेल्या सगळ्या पिशवीत घालून आणल्या. उसनं परत करताना थोडं जास्तच द्यावं, म्हणून एक पाकीट वर ठेवलं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “आता वेळेवर घे, बाबा.”

मी व्हय म्हणालो आन् पिशवी घेतली.

शिव्या देऊन का होईना, पण लिही.

तुझा रोहन