आमच्या गोठ्याची झडती

मु. हिंगणी,
संक्रांतीनंतरचा दुसरा मंगळवार, सन १९५५

सौ. सुलोचनाबाई विहीणबाई, मु. आर्वी, यांना कमलाच्या आईचा सांगावा.

तुमचंच खरं निघायचं होतं, तं इतक्या लवकर काऊन निघालं हो विहीणबाई? चार दिवसांत! अहो, पंधरा-वीस दिवस तरी लागू द्यायचे होते. मग मले म्हणता आलं असतं की थंडी सरली, लेकरू मोठं झालं, आपोआप निवलं. तशी जागाच ठेवली नाई तुम्ही. इकडं तुम्ही सेलूले मोटरीत बसल्या, अन् तवापासून चौथ्या दिवशी ऐन दिवेलागणीले तुमची नात माह्या मांडीवर मुकाट झोपली. आता साऱ्या हिंगणीत बाया मले पाहून पदरात हसून राह्यल्या.

रागाच्या भरात नमस्कार करायचाच राह्यला. तो आता करते, दोन्ही हातांनी, अन् मोठ्या मनानं घेजा. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या गाडीरस्त्यानं तुमचे हाल झाले ते मी पाह्यले होते, पण तेव्हा तुमच्याशी बोलाचीच नव्हती म्हणून विचारलं नाई. व्याहीबुवांचा खोकला निवला का? जावाई प्रभाकरराव वेळेवर जेवतात का? इकडे आम्ही सारे खुशाल आहो. कमलाच्या गालावर मांस चढून राह्यलं. नात आता बोटं धरते अन् सोडत नाई, अगदी तुमच्यासारखी.

(मी दुसरीपर्यंतच शिकली हे तुम्हाले माहीत आहे. या चिठ्ठीले आज तिसरा दिवस आहे. मधात दोन वेळा स्वयंपाक करपला.)

आता जे झालं ते माह्या तोंडून ऐका. तुमच्यासमोर मी अर्धंच सांगतलं होतं, अन् त्या अर्ध्यातलंही अर्धं खोटं होतं. पोरगी तीन आठवड्यांची झाली अन् रडाले लागली. दिवसभर बरी, पण सूर्य बुडाला की पाय पोटाशी घेते, तोंड लालभडक करते अन् असा टाहो फोडते की बोर नदीच्या पलीकडच्या गुराख्यानं विचारलं, कोणाकडे काय झालं म्हणून. मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. बेंबीले हिंग लावला. अण्णाजी वैद्याले आणलं, तं तो म्हणे वायू आहे. (तो बैलालेही वायूच सांगते.) मग शेजारची जिजाबाई दारात बसून बोलली, आईनं खाल्लं ते लेकराच्या पोटात जाते, कमलाच्या ताटावर नजर ठेव. झालं! मले असं काही कोणी सांगाचा अवकाश असते.

पह्यल्या दिवशी वांगं बंद केलं. वांगं वातूळ हे शेंबडं पोरही सांगन. रडणं थांबलं नाई, म्हणून तुरीचं वरण बंद केलं. मग अंबाडी अन् मग गोळाभात, कारण त्याच्यात चण्याची डाळ. तिखट तं आधीपासूनच नव्हतं, मग फोडणीही काढली. भाकरीवर शक आला तवा भाकरही काढली. दर दिवशी एक जिन्नस घराबाहेर जाये अन् दर संध्याकाळी पोरगी तेवढीच रडे. एक दिवस मी बाकीच्यांसाठी बेसनाची पाटोडी केली होती. कमलानं खाल्ली नाई, नुसती पाह्यली. त्या संध्याकाळी पोरगी अशी रडली की मी ठरवलं, वासानंही होत असन! दुसऱ्या दिवशीपासून साऱ्या घराले मऊ भात अन् मुगाचं पाणी. कमलाचे बाबा दोन दिवस मुकाट जेवले, तिसऱ्या दिवशी शेजारच्या रूपरावच्या वावरात "काम आहे" म्हणून निघाले ते पोटावर हात फिरवत वापस आले. मिशीले ठेच्याचा वास येऊन राह्यला होता. मी त्यायले आठ दिवस लेकराले हात लावू देल्ला नाई.

तशात तुमचा डब्बा आला. डिंकाचे लाडू, मेथी घातलेले, अन् वरून चिठ्ठी की कमलाले रोज दोन द्या. मले वाटलं, ही बाई आर्वीत बसून माह्या घरचं बाळंतपण करून राह्यली! मेथी गरम पडते म्हणून मी डब्बा पेटीत टाकला, कुलूप लावलं अन् किल्ली मंगळसूत्रात ओवली. वरून तुम्हाले कारड लिवलं, की तुमच्या लाडवांनी नात रडते. विहीणबाई, त्यातला एकही लाडू कमलानं तोवर चाखला नव्हता. हे आज लिहून देते. कारड जपून ठेवलं असन तं चुलीत टाका.

त्या कारडावर तुम्ही भांडाले याल असं वाटलं होतं, अन् मी तयारीतही होती, चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. तुम्ही आल्या, पाय धुतले, नातीले घेतलं अन् दोन दिवस नुसत्या पाहत बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कमलाले विचारलं, पोरी, दिवसाकाठी पोटात काय जाते? ती म्हणे, भात, मुगाचं पाणी अन् बगळीचं दूध. किती? तं म्हणे, आई तीन लोटे देते, भूक लागली म्हटलं की चौथा.

बगळी म्हणजे माही गवळाऊ जातीची गाय, बगळ्यासारखी पांढरी. कमलाचं बाळंतपण आहे म्हणून मी वर्षभर तिले सरकी चारली. तिच्या दुधावर शक घ्यावा असं माह्या सपनातही आलं नाई. तुम्ही मले गोठ्याच्या दारात नेलं अन् हळूच बोलल्या, "विहीणबाई, साऱ्या गावाची झडती घेतली, आपल्या गोठ्याची राह्यली." माही पाठ केलेली चारही वाक्यं तिथंच शेणात पडली.

तुम्ही सांगतलं की प्रभाकररावांच्या पाठचा तुमचा पोरगा असाच रडे, अन् तिकडच्या म्हाताऱ्या दाईनं तुमचं दूध पिणं बंद केलं तवा निवला. साऱ्याच लेकरांचं असं नसते, एखाद्याचंच असते, म्हणून कमलाचं दूध पिणं काही दिवस बंद करून पाहा, बाकी सारं खाऊ द्या. मी म्हणलं, गाय लक्ष्मी आहे, लक्ष्मीले नावं ठेवता? तुम्ही चुलीपाशी बसल्या, ज्वारीची भाकर थापली, तुरीचं वरण केलं, वांग्याची भाजी केली, अन् माह्या पेटीपाशी येऊन नुसता हात पसरला. मी किल्ली देल्ली. (कशी देल्ली ते मले अजून कळलं नाई.)

त्या दिवशी कमला जेवली ते मी उभी राहून पाह्यलं. तीन भाकरी. वर लाडू. खाताखाता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन राह्यलं होतं अन् ती पुसतही नव्हती, कारण हात रिकामा नव्हता. तवा मले तिच्या मनगटाची हाडं दिसली. अंगावरचं दूध आटत चाललं होतं, पोरगी अर्धपोटी राहे, ते वेगळंच. विहीणबाई, माह्या पोटची पोर, अन् मीच तिले माह्या हातानं उपाशी ठेवली, मायेनं ठेवली, म्हणून कोणी मले काही बोललंही नाई. तुम्ही परक्या घरच्या, तुम्ही तिले वाढलं. सासू सुनेचं ताट मोजते असं ऐकलं होतं. तुम्ही ते भरलं. हे उपकार फिटाचे नाईत. मी गोड बोलणारी बाई नाई, म्हणून हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाई. मुलगी झाली म्हणून तुम्ही नाक मुरडलं नाई, तेही याच्यातच धरा.

पुढचं ऐका. चौथ्या संध्याकाळी पोरगी रडली नाई, तं मले वाटलं काही तरी झालं. मी तिले हालवून उठवलं. ती रडली, मले बरं वाटलं, मग ती पुन्हा झोपली. दहा दिवस अशी शांतता की घर खाले उठे. अन् इथं माहा स्वभाव आडवा आला. मले वाटलं, योगायोग असन. मी कमलाले रव्याचा शिरा केला, पाण्यात केला म्हणून सांगतलं अन् केला दुधात. दोन वाट्या खाल्ल्या तिनं. दुसऱ्या दिवशी दिवे लागले नाईत तं पोरगी सुरू! दोन संध्याकाळी मी तिले खांद्यावर घेऊन अंगण तुडवलं अन् तिच्या कानात म्हणलं, बाई, तुही आर्वीची आजी बरोबर अन् हिंगणीची बह्याड, येडी. हे कमलाले माहीत नाई. तुम्ही सांगू नका.

जिजाबाईची सून मात्र लोटाभर दूध पिते अन् तिचं लेकरू ढिम्म रडत नाई. देवाच्या घरी न्याय नाई.

माघी पुनवेले कमलाले अन् नातीले तुमच्या घरी पोचवाचं ठरलं आहे. छकडा, बैल, सारं तयार आहे. नातीच्या अंगावरची दुपटी शिवून झाली. आणखी काही म्हणणं नाई. लोभ आहेच, तो माह्यासारख्या तोंडाळ बाईवरही राहू द्या.

तुमची विहीण,
वच्छलाबाई

ता. क. एक गोष्ट राह्यली. बारशाच्या दिवशी मी साऱ्या गावासमोर बोलून बसली होती की बगळी नातीले आंदण देईन. आता शब्द फिरवता येत नाई. कमलाले तिचं दूध चालत नाई, पण तुम्ही प्या, व्याहीबुवांना खोकल्याले हळद घालून द्या, अन् नात मोठी झाली की तिले सोसते का पाहू. फक्त एक अडचण आहे. बगळी माह्या हाताशिवाय पान्हा सोडत नाई. म्हणून मले तिच्यासंगं येऊन आठ-पंधरा दिवस तुमच्याकडे राहावं लागन, तुमचा हात तिले लागेपर्यंत. लेकीच्या घरचं पाणी आईनं पिऊ नये म्हणतात, पण आता नातवंड झालं, आता चालते. मी गोठ्याजवळच्या खोलीतही राहीन. लेकरू आयतं दिसलं तं घेईन, नाई तं नाई.

ता. क. दुसरं. कमलानं माह्या पाठीमागून सारी चिठ्ठी वाचली. शिऱ्याच्या गोष्टीपाशी आली अन् सकाळपासून माह्याशी बोलत नाई. आत्ता फक्त एवढं बोलली, की आई, खरं लिही, बगळी मूठभर सरकी दाखवली तं रस्त्यानं जाणाऱ्यालेही पान्हा सोडते. हो, सोडते. मग? गाईले माणूस लागत नसन, मले नात लागते. दोन महिने खांद्यावर होती, खांदा रिकामा राहीन. येऊ की नको ते साफ लिहा. आमच्याकडे डाकवाला सोमवारी येते. त्याच्या थैलीत तुमचं उत्तर पाहिजे. सोमवारी आलं नाई, तं मी "हो" समजून गाईचं दावं सोडते.