माझंच चुकलं

३ मार्च, मंगळवार
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! छापखान्यातल्या कटिंग मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याला आज एकवीस दिवस झाले. वकीलबाईंनी एक वही दिली आहे. रोज काय दुखतं, काय जमत नाही, ते तिच्यात लिहायचं. नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडणार म्हणे. त्या वहीत फक्त हात. बाकीची मी इथे.

४ मार्च
वेणी घालता आली नाही — हे त्या वहीत. कंगवा भिंतीवर फेकला — हे इथे.

५ मार्च, गुरुवार
वकीलबाईंनी छापखान्याचा अपघाताचा अहवाल पुढे ठेवला. "हा अंगठा तुमचा?" माझाच. दवाखान्यात गुंगीत होते तेव्हा घेतला. शिकलेली बाई आणि अंगठा! वर छापखान्यातल्या आमच्या मास्तरांच्या सुंदर अक्षरात — "कामगार स्वतः म्हणते की माझंच चुकलं."

म्हटलं होतं मी. मास्तर खाटेशी येऊन म्हणाले, "असं कसं झालं गं पोरी?" मी म्हटलं, "माझंच चुकलं मास्तर, तुमचं काम अडलं." पुढचे तीन शब्द त्यांनी गाळले.

"पण पात्यापुढची जाळी कुठे होती?" वकीलबाईंनी विचारलं. खिडकीखाली! महिनाभर तिथेच पडून. जाळीने वेळ जातो म्हणून मालकांनी मास्तरांना काढायला लावली. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी ती जागेवर बसली, आणि आता मालक म्हणतात, होतीच. मशीन खालच्या खोलीत, तिथे आम्ही दोघंच — मास्तर आणि मी. दुसरा साक्षीदार नाही.

"थोडी चूक तुमची निघाली तरी हक्क बुडत नाही हो," वकीलबाई म्हणाल्या. "पण तुम्ही तर सगळीच पदरात घेऊन बसलात!"
मी म्हटलं, "माझं चुकलं."
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

६ मार्च
घरी सांगितलं तर हे हसायला लागले. "पहिल्या भेटीत मी तुझ्या साडीवर चहा सांडला, तेव्हाही तूच म्हणालीस — माझंच चुकलं!" लेकीने कॅलेंडरवर रेघा मारायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत अकरा. मोजून तोंडातून निघालं, "चुकलं गं बाई!" बारावी. जित्याची खोड!

८ मार्च, रविवार
घरातल्या घरात येरझारा. बसवत नाही, पडवत नाही. नसलेली बोटं खाजतात, कुठे खाजवू?

मास्तर घरी एकदाही आले नाहीत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवलं — "पोरी, आधी पात्याकडे बघ, माणसांशी मग बोल." मग त्या दिवशी मी बघितलं नसेल का? घाईत होते. पण घाई कोणाची होती? मालकांची! आणि मास्तरांवर ओरडायचं तर आपलेच दात, आपलेच ओठ.

पैसे हवेत मला. का नकोत? या हाताने आता गठ्ठा उचलता येणार नाही. पण त्याआधी कोणीतरी म्हणावं की तुझं चुकलं नाही. एकदा तरी!

१० मार्च
शुक्रवारी अर्ज द्यायचा, मुदत तेवढीच. यांना आज मास्तर रस्त्यात दिसले. यांना बघून पलीकडच्या बाजूला गेले.

११ मार्च
जाळी असती तर हात आत गेलाच नसता. बस्स.

१२ मार्च, गुरुवार
मास्तर आले! खुर्चीच्या कडेला टेकले. माझ्या हाताकडे बघेनात, मग बघतच राहिले.

"माझं चुकलं, पोरी. जाळी मीच काढली. अहवालही मीच लिहिला. मालक म्हणाले, तिनेच कबूल केलंय ना, तेवढं लिहा."

"नाही हो मास्तर, माझंच —" अगदी दातांपर्यंत आलं! लेक कॅलेंडरजवळ उभी होती, हातात पेन्सिल. मी गिळलं.

मग म्हटलं, "हे लिहून द्याल?"
"नोकरी जाईल गं माझी. दोनच वर्षं राहिलीत."
"हो, जाईल," मी म्हटलं. असं कधी कोणाला बोलले नव्हते.

त्यांनी खिसे चाचपले. "चष्मा राहिला घरी. सकाळी येतो." चहा तसाच ठेवून गेले. चष्मा वरच्या खिशात होता. मला दिसत होता.

१३ मार्च, शुक्रवार
दहापर्यंत वाट बघितली. आले नाहीत. वकीलबाईंकडे गेले, तर मास्तर तिथे बाकावर, डोळ्यांवर चष्मा, हातात लिहिलेला कागद. पहिलं वाक्य माझंच होतं — "माझंच चुकलं." पुढे जाळीचं सगळं. खाली सही त्यांची.