नैरोबीचा मोगरा आणू नकोस

डोंबिवली,
१२ नोव्हेंबर १९९१

प्रिय गोदे,

तुझं पत्र काल मिळालं. भागीरथीला वाचून दाखवलं, पण मधला एक परिच्छेद गाळून. कुठला ते तुला कळलं असेलच. तू लिहितेस, “मोगऱ्याची मुळं फुटलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून प्रेशर कुकरमध्ये घालून आणते, आणि ताई, दाजींना यातलं काही कळू देऊ नकोस!” अगं बाई, तुझ्या ताईला पत्रं वाचून दाखवतो कोण? तेहतीस वर्षं नैरोबीत राहिलीस, पण अक्कल अजून माहेरी, चेंदणीच्या कोळीवाड्यातच ठेवली आहेस. आणि कुकर! माझी सगळी नोकरी परदेशातून आलेली झाडं आणि बियाणं तपासण्यात गेली. बाईमाणसाच्या सामानात कुकर दिसला की आम्ही आधी तोच उघडायला लावायचो. त्यात कढीपत्ता निघायचा, गुलाबाच्या फांद्या निघायच्या, एकदा तर अननसाचं अख्खं रोप निघालं होतं.

रागावू नकोस. चेष्टा केली की पुढचं लिहायला जरा सोपं जातं, म्हणून केली. नियम तुला पूर्वीही सांगितलेत, पुन्हा सांगतो. झाड आणायचं तर आधी इथून परवाना काढायचा. तिथल्या शेतकी खात्याने झाड तपासून ते निरोगी असल्याचा दाखला द्यायचा. मुळांना मातीचा कणही नको. विमानतळावर उतरल्यावर लपवायचं नाही, आपणहून दाखवायचं. आपण हे सगळं सरळ मार्गाने करायला निघालो होतो की नाही? श्रावणात मी परवान्यासाठी अर्ज केला. माझ्याच जुन्या कचेरीत, मी ज्यांना काम शिकवलं त्या पोरांसमोर रांगेत उभा राहिलो. परवाना मिळालाही. पण तुझ्या तिथल्या तपासनिसाला पानांच्या मागे खवले कीड दिसली आणि त्याने दाखला नाकारला. औषध मारा, पावसाळा संपला की पुन्हा दाखवा, म्हणाला. तू त्याला शिव्या घातल्यास. मी मात्र तुझं ते पत्र वाचून मनात म्हटलं, माणूस चोख काम करतो. असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला, पण वाटलं ते वाटलं.

तो मोगरा काय आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. सासूबाई दोन प्रहरी बाजारातून येऊन, मासळीची पाटी उतरवून, हात लिंबाने घासून आधी त्या झाडापाशी जायच्या, मग घरात. मी तुझ्या ताईला बघायला आलो तेव्हा मला पहिला वास आला तो सुक्या बोंबलांचा आणि दुसरा त्या मोगऱ्याचा. दोन्ही वास इतके जवळजवळ होते की मी गोंधळून चहाच सांडला, आणि तू दाराआड फिदीफिदी हसलीस. मुलगी सासरी निघाली की सासूबाई एक फांदी वाकवून मातीत दाबायच्या, मुळं फुटली की तोडून तिच्या हवाली करायच्या. म्हणायच्या, आमच्याकडे सोनं नाही, हे घे. भागीरथीचं रोप आमच्या गॅलरीतल्या डब्यात जगलं नाही. इथली हवा तुला ठाऊक आहे, कारखान्यांचा वास आला की माणसंच खिडक्या लावून घेतात. तिला वाटलं, माहेरी जाऊ तेव्हा दुसरं आणू, झाड काय कुठे पळून जातंय? मग तुमच्या भावाने, देवरामने, ते अंगण बिल्डरला दिलं. आता आईचा म्हणावा असा मोगरा उरला तो तुझ्या दारात. तू तो बोटीतून नेलास तेव्हा कुणी तुला एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं तुझ्याकडे आलो होतो त्या वर्षी काय झालं ते तू पाहिलंच आहेस. तू ताईच्या पिशवीत रोप ठेवलंस आणि मी ते तुझ्या उंबऱ्यात पुन्हा बाहेर काढून ठेवलं. मी तेव्हा निवृत्तही झालो होतो, मला कुणी विचारणार नव्हतं. तू माझ्यावर तोंड टाकलंस ते बरं केलंस.  भागीरथीने विमानात माझी उशी नीट केली, माझ्या गोळ्या काढून दिल्या, आणि घरी आल्यावर गॅलरीतला रिकामा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो गं.

मी इतका ताठ का, असं तू दर वेळी विचारतेस. एकदा नीट सांगतो. माझ्या टेबलापाशी उल्हासनगरची एक म्हातारी आली होती. तिच्याजवळ तिच्या मुलाच्या घरची, हाँगकाँगची, शेवंती होती. मुलगा तिथेच वारला होता. कागद कुठलाच नव्हता. मी ते झाड ठेवून घेतलं आणि पुढे नियमाप्रमाणे ते जाळलं गेलं. तिने मला विचारलं, “साहेब, तुमच्या घरचं झाड असतं तर?” मी म्हणालो, तरीही. आणि हे मी एकट्या तिलाच म्हणालो असं नाही. आता माझ्या घरी कीड लागलेला मोगरा कुकरमधून आला, तर त्या सगळ्यांची झाडं मी उगाच जाळली असा त्याचा अर्थ होतो. ते मला पेलणार नाही, गोदे. आणि ती खवले कीड काही तुझी-माझी नाती ओळखत नाही. आमच्या डब्यातून ती कुणाच्या बागेत जाईल, कोण सांगणार?

ताईची तब्येत तुला मागच्या वेळी कळवली होती, ती जरा बरी करूनच कळवली होती. पोटातलं दुखणं आता पाठीपर्यंत गेलंय. भिंत धरून गॅलरीपर्यंत येते आणि तिथे स्टुलावर बसून राहते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की ती होळी बघेल असं वाटत नाही. तिला आम्ही कुणी हे सांगितलेलं नाही. तू येणार म्हटल्यापासून मात्र तिचा जेवणातला एक घास वाढलाय. शेजारच्या रंभाकडून तेलाचा डबा आणवलाय, त्याच्या तळाला भोकं पाडून घेतलीत, गावाकडची माती मागवलीय. रोज विचारते, “गोदी आणील ना ओ आयेचा मोगरा?” आणि मी रोज हो म्हणतो. परवाना आलेला तिला माहीत आहे. दाखला नाकारल्याचं मी तिला सांगितलेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो, इतका वेळ टाळत होतो. कुकर रिकामा आण. विमानतळावरून सरळ घरी येऊ नकोस, आधी ठाण्याला ये. खोपटला एसटी डेपोच्या मागे माझा मित्र कुंडलिक राहतो, मी तिथे तुझी वाट बघेन. त्याच्या ओसरीवर मोगऱ्याचं एक रोप ठेवलंय, परवाच नर्सरीतून घेतलं. त्याच्या मुळांची माती तू आपल्या हाताने धू, तुझ्या फडक्यात गुंडाळ, आणि ताईच्या ओंजळीत दे. आईचा मोगरा आणला म्हण. माझ्याने ते म्हणवणार नाही, माझा चेहरा तिला पाठ आहे. तुझ्यावर ती डोळे मिटून विश्वास ठेवते आणि मी नेमका त्याचाच फायदा घेतोय. सरकारशी खोटं बोलू नकोस म्हणून तुला एवढं सुनावलं, आणि सख्ख्या बहिणीशी बोल म्हणून हात जोडतोय. नर्सरीत सासूबाईंच्यासारखा गच्च पाकळ्यांचा मोगरा नव्हता, साधाच होता. नर्सरीवाला म्हणाला, पानं दोन्हींची सारखीच, फरक कळेल तो फुलं आल्यावर, आणि फुलं येणार चैत्रात. मी तिथे उभ्या उभ्या मनात महिने मोजले, आणि म्हटलं, चालेल, हाच द्या.

तुझाच,
दाजी